नाक धुण्याचं पाणी

आश्विन-कार्तिकात परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही शिवारात सोयाबीनची मळणी चालू असते. मळणीयंत्राच्या तोंडाशी उभं राहणाऱ्याच्या नाकात दिवसभर भुसा जातो. सोयाबीन आटोपतं तोवर कापूस वेचणीला येतो आणि जिनिंगमध्ये सरकी-रुई वेगळी होताना बारीक तंतू हवेत तरंगू लागतात. बांधावर गाजरगवत तर बाराही महिने आहेच. या दिवसांत नाक चोंदलं, भुवयांवर ठणका लागला, घशात शेंबूड उतरू लागला की आपण सरसकट म्हणतो, 'मला सायनस आहे.' श्रोतेहो, सायनस सगळ्यांनाच आहे. कवटीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्यांचं ते नाव. त्या तुंबणं, सुजणं हा आजार. त्यावर मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, म्हणजे जलनेती, उपयोगी पडते, हे मला आज मांडायचं आहे. मात्र ती धुलाई आहे, औषध नव्हे. धुलाईत कस लागतो तो पाण्याचा.

गालाच्या हाडातली पोकळी घ्या. तिचं तोंड तळाशी नाही, वरच्या अंगाला आहे. उभ्या घागरीतलं पाणी आपोआप बाहेर येत नाही, तसाच इथला शेंबूडही येत नाही. अस्तरावरचे सूक्ष्म रोम तो वर ढकलत दारापर्यंत नेतात. धुळीनं, सुजेनं दार बुजलं की आत तुंबारा होतो. नेतीचं पाणी या पोकळ्यांत फारसं शिरत नाही. शस्त्रक्रियेनं दार मोठं केलेलं असेल तर गोष्ट निराळी. नेतीचं पाणी दाराशी साचलेला गाळ, धूळ आणि परागकण वाहून नेतं. म्हणूनच चार थेंबांनी किंवा फवाऱ्यानं हे काम होत नाही, पाणी भरपूर लागतं.

पुरावा काय म्हणतो? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये सायनसचा त्रास वारंवार होणाऱ्या 76 जणांवर झालेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटानं सहा महिने रोज दोन्ही नाकपुड्यांतून प्रत्येकी 150 मिलिलिटर, 2 टक्के मिठाचं पाणी सोडलं. न धुणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचा त्रास घटला, प्रतिजैविकं आणि नाकातले फवारेही कमी लागले. पण झालेले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2016 च्या कॉक्रेन आढाव्यात जुनाट सायनसदाहावरचे जेमतेम दोन अभ्यास निकषांत बसले, माणसं मिळून 116. भरपूर पाण्याचा फायदा दिसला. 5 मिलिलिटरच्या फवाऱ्याचा मात्र स्टेरॉइडच्या तुलनेत दिसला नाही. पुराव्याचा दर्जाही आढाव्यानं कमीच ठरवला.

एवढ्या तुटपुंज्या आधारावर शिफारस कशी करायची, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय नाकात पाणी गेलं की नाही, हे रुग्णापासून लपवता येत नाही. त्यामुळे मनाच्या समजुतीचा वाटाही निकालात असणार. पण उपायाची किंमत आणि धोका पाहूनच पुरावा किती हवा ते ठरतं. चिमूटभर मिठाला थोडा पुरावा पुरतो. विषाणूच्या सर्दीवर उगाच गिळलेल्या प्रतिजैविकाला तेवढा पुरत नाही. दुसरीकडून, 'ऋषिमुनींनी सांगितलंय, मग प्रयोग कशाला' असंही म्हटलं जातं. पण हठयोगप्रदीपिकेतली नेती दोऱ्याची आहे, पाण्याची नव्हे! आणि स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्यासाठीच.

धोका नगण्य, हे गृहीत मात्र पाण्यावर उभं आहे. 2011 मध्ये अमेरिकेतल्या लुईझियानात नेतीच्या भांड्यातून नळाचं पाणी वापरणारे दोघं दगावले. नेग्लेरिया फाउलेरी हा कोमट, गोड्या पाण्यात राहणारा अमीबा प्यायल्यानं बाधत नाही. नाकातून गेला तर वासाच्या मज्जातंतूवाटे मेंदू गाठतो. केरळातही अलीकडे अशा अमीबांचे रुग्ण आढळले आहेत. कुणी म्हणेल, गंगाखेडला पिढ्यान्‌पिढ्या गोदास्नान चाललंय, कुणाला काय झालं? आजार खरोखर दुर्मीळ आहे. पण बुडी मारताना पाणी नाकात चुकून जातं, नेतीत आपण ते रोज मुद्दाम वर सोडतो. आणि हा आजार झाला तर माणूस क्वचितच वाचतो. आपल्याकडे 'आरोचं आहे' म्हटलं की पाण्याची चौकशी संपते. जारमधलं ते पाणी प्यायला ठीक असेल, निर्जंतुक नसतं. बोअरचं नितळ दिसतं म्हणून तेही न उकळता चालत नाही. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते एक मिनिट तसंच ठेवायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं, आणि अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून थोडं कमी, मीठ घालायचं. बोअरच्या पाण्याचा खारटपणा या मिठात धरायचा नाही. भांडंही धुऊन कोरडं ठेवायचं.

धुलाईनं न निघणारे डागही असतात. 2021 मध्ये काळ्या बुरशीनं महाराष्ट्राला ते दाखवलं. साखर आटोक्यात नसलेल्या माणसाचा एका बाजूचा गाल बधिर झाला, डोळ्याभोवती सूज आली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा नाकातून काळपट स्राव आला, तर त्यानं नेतीचं भांडं खाली ठेवावं आणि त्याच दिवशी नाक-कान-घसा तज्ज्ञ गाठावा.