लोकरीचा निळा रंग



जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हातमोजे घालायचा कंटाळा केलेला विद्यार्थी लगेच ओळखू येतो. त्याची बोटं निळी असतात. साबण लावा, घासा, डाग काही लवकर जात नाही. जाईल कसा? कातडीच मुळी प्रथिनांची, आणि हा रंग नेमका प्रथिनांना धरतो. त्याचं नाव कूमासी ब्रिलियंट ब्लू.

पण हा जन्माने प्रयोगशाळेतला नव्हे. पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती राज्याची राजधानी कुमासी इंग्रजांनी १८९६ साली घेतली. मँचेस्टरच्या लेव्हिन्स्टाइन कंपनीने लोकर रंगवायच्या आपल्या रंगांना तेच नाव लावलं. लढाईच्या बातमीवर माल खपवायचे ते दिवस!

लोकर हेही प्रथिनच. आम्लाच्या पाण्यात तिच्यावर धन विद्युतभार चढतो. रंगाच्या रेणूवर असतो ऋण. दोघांची गाठ पक्की बसते. सुती कापड मात्र सेल्युलोजचं, त्यावर हा रंग टिकत नाही. रंगाऱ्यांना हे ठाऊकच होतं. शास्त्रज्ञांनी ते उचललं, इतकंच. १९६३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी विजेच्या प्रवाहाने पट्टीवर वेगळी केलेली प्रथिनं या रंगाने दाखवली आणि मोजलीही.

पुढचं पाऊल अमेरिकेत पडलं. प्रथिनं मोजायची तेव्हाची रूढ लाउरी पद्धत वेळखाऊ, आणि द्रावणात इतर काही असलं की बिघडणारी. जॉर्जिया विद्यापीठातल्या मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी १९७६ साली सोपा मार्ग छापला. आम्लात हा रंग तांबूस-तपकिरी असतो. त्यात प्रथिनाचं द्रावण घातलं की दोनेक मिनिटांत निळा होतो. निळेपणा ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजायचा, बस्स. जगात सर्वाधिक उल्लेखल्या गेलेल्या शोधनिबंधांत तो छोटासा लेख आज अगदी वरच्या रांगेत आहे.

तरी आकड्यावर डोळे मिटून विसंबू नये. रंग मुख्यतः आर्जिनिन या अमिनो आम्लाला चिकटतो, त्यामुळे सगळी प्रथिनं सारखी निळी होत नाहीत. तुलनेसाठी बहुधा वापरतात ते गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन जरा जास्तच रंगतं. तेवढंच जिलेटिन जेमतेम. शिवाय भांड्यात साबण राहिला असेल, तर तोही रंग निळा करतो. म्हणून एक परीक्षानळी प्रथिनाविना ठेवायची. तीच निळी झाली, की सगळी भांडी पुन्हा धुवायला काढायची.