स्लॅश पे, वजा ५००

आज गेम सर्व्हरच्या प्लगिनमधल्या कमांडबद्दल बोलायचंय. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

माझा भाचा सातवीत होता तेव्हा त्याच्यासाठी आणि त्याच्या वर्गातल्या आठ-दहा मुलांसाठी मी माइनक्राफ्टचा एक सर्व्हर चालवायचो. जावा एडिशन, आणि त्यावर पेपर हे सर्व्हर सॉफ्टवेअर. मुलांना खेळात बाजार हवा होता, म्हणून मी नाण्यांचं छोटं प्लगिन लिहिलं. त्यातली मुख्य कमांड एकच: स्लॅश पे, पुढे मित्राचं नाव, पुढे रक्कम.

एका शनिवारी एका मुलीची दोन आठवडे जमवलेली ५०० नाणी गायब झाली. मी लॉग उघडला. एका मुलाने तिच्या नावाने पे चालवलं होतं, रक्कम वजा ५००. मी त्याला तिथल्या तिथे बॅन केलं. संध्याकाळी भाचा म्हणाला, "मामा, त्याने तुला दोन दिवसांपूर्वीच ग्रुपवर लिहिलं होतं, पेमध्ये गडबड आहे म्हणून. तू वाचलंच नाहीस. आज तो तिला ते दाखवत होता. परत द्यायच्या आत तू त्याला काढलंस."

कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण मी घातलेलं होतं.

आता कोडमध्ये काय होतं ते सांगतो. बुकिटच्या जुन्या पद्धतीत तुम्हाला ऑनकमांड नावाची एक मेथड मिळते आणि तिच्यात खेळाडूने टाइप केलेले शब्द स्ट्रिंगच्या यादीत येतात. पुढचं सगळं तुमच्यावर. शब्द पुरेसे आहेत का, दुसरा शब्द आकडा आहे का, कमांड खेळाडूने दिली की कन्सोलवरून आली, हे सगळं हाताने तपासायचं. मी फक्त एवढंच तपासलं होतं की शिल्लक रकमेपेक्षा कमी तर नाही ना. वजा ५०० पेक्षा शिल्लक कधीच कमी नसते! मग देणाऱ्याच्या खात्यातून वजा ५०० वजा झाले, म्हणजे त्याला ५०० मिळाले, आणि तिचे ५०० गेले.

मी एक ओळ वाढवली: रक्कम शून्य किंवा कमी असेल तर नकार. झालं, असं वाटलं. मग रात्री स्वतःच वेडेवाकडे शब्द टाकून बघत बसलो आणि रकमेच्या जागी नॅन लिहिलं, म्हणजे 'नॉट अ नंबर'. जावाचं पार्सडबल हा शब्द बिनतक्रार स्वीकारतं. आणि नॅनची कशाशीही लहान-मोठी तुलना केली की उत्तर कायम 'नाही'. शून्यापेक्षा कमी आहे का? नाही. शिल्लक अपुरी आहे का? नाही. दोन्ही पहारे पार! आणि एकदा शिल्लक नॅन झाली की तिच्यातून काहीही वजा करा, ती नॅनच राहते. म्हणजे हवे तितके पैसे वाटत सुटा.

तेव्हा मी हाताने शब्द तोडणं बंद केलं आणि ब्रिगेडियरकडे वळलो. ही मोजांगचीच लायब्ररी, मुक्त स्रोत आहे, आणि २०१८ साली आलेल्या १.१३ आवृत्तीपासून खेळाच्या आतच आहे. पेपरने १.२०.६ पासून प्लगिनवाल्यांना तिच्यासाठी स्वतःची एपीआय दिली आहे. एसीएफसारख्या इतर लायब्ऱ्याही चांगल्या आहेत. फक्त त्या तुमच्या जारमध्ये भरताना पॅकेजचं नाव बदलून घ्या, नाहीतर दुसऱ्या प्लगिनमधल्या वेगळ्या आवृत्तीशी टक्कर होते.

ब्रिगेडियरमध्ये कमांड म्हणजे एक झाड. 'पे' ही पहिली फांदी, तिच्यावर खेळाडू, त्याच्यावर रक्कम. रकमेच्या जागी मी लिहिलं: पूर्णांक, किमान १. बस्स. हे झाड खेळाडूच्या कॉम्प्युटरवरही जातं, त्यामुळे वजा ५०० टाइप करतानाच अक्षरं लाल होतात. पण भिस्त त्यावर नाही, कारण सर्व्हर तीच ओळ स्वतः पुन्हा वाचतो. नॅन तर आकडा म्हणून वाचलाच जात नाही. 'ही कमांड कोणाला' हेही फांदीवरच लिहिता येतं. ज्याला परवानगी नाही, त्याला ती फांदी पाठवलीच जात नाही. नंतर परवानगी बदललीत तर मात्र अपडेटकमांड्स बोलवायला विसरू नका.

आता महत्त्वाचं. लायब्ररी घेतली म्हणजे काम संपलं, असं नाही. ब्रिगेडियरला कळतं की ५०० हा पूर्णांक आहे. देणाऱ्याकडे ५०० आहेत का, तो स्वतःलाच तर देत नाहीये ना, हे तिला कळायचं कारण नाही. ते नियम मी कमांडमध्ये न लिहिता, नाणी हलवणाऱ्या फंक्शनमध्ये लिहिले. कारण महिन्याभराने मुलांनी दुकानाची पाटी मागितली, आणि पाटीवर क्लिक केलं की कोणतीच कमांड चालत नाही. दारावर वॉचमन असला तरी तिजोरीला कुलूप लागतंच.

त्या मुलाला मी त्याच रात्री परत घेतलं आणि ग्रुपवर सगळ्यांसमोर माफी मागितली. मुलीची नाणीही परत दिली. मुलगा म्हणाला, "काका, आता नवीन पे मी तपासून बघू का?" म्हटलं, बघ की. त्याने पहिल्याच मिनिटात स्वतःलाच पैसे पाठवून पाहिले. नकार आला, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

तर तुम्ही पुढची कमांड लिहाल तेव्हा आधी तिला द्यायच्या पाच चुकीच्या ओळी कागदावर काढा, आणि मग कोड उघडा. आणि ग्रुपवरचे मेसेज वाचत जा. भेटू पुढच्या भागात.