वापरणाऱ्याचा कैवार



मोठ्या संस्थांच्या संगणकप्रणाली वापरणाऱ्याला सुसह्य, सुकर आणि शक्य झाल्यास सुखद व्हाव्यात म्हणून ज्यांनी आपली बुद्धी व उमेदीची वर्षे वेचली, अशा आपणां सर्वांचे पुणे शहराच्या व स्वागतसमितीच्या वतीने मी मनःपूर्वक स्वागत करतो. स्वागताध्यक्षाच्या आसनावर बसण्यासाठी विषयाचे पांडित्य लागत नाही, यजमानपणाची हौस पुरते, हा आपल्याकडील परिषदांचा जुना शिरस्ता आहे. आणि त्याच शिरस्त्याच्या आधाराने मी आपणांपुढे उभा आहे. माझे आयुष्य खातेवह्या, ताळेबंद आणि मंजुरीचे कागद यांत गेले. डिझाइनची शास्त्रोक्त दीक्षा मला मिळाली नाही. तथापि ज्यांच्यासाठी आपण पडदे रचता, त्यांच्या पंगतीत मी दीर्घकाळ बसलो आहे, आणि आज जे काही बोलेन ते त्या पंगतीच्या वतीने.

पुण्याची ओळख करून देताना शनिवारवाड्यापासून आरंभ करण्याची प्रथा आहे. ती आज मोडतो, कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने या शहराजवळ सांगण्याजोगे निराळेच संचित आहे. टाटा कन्सल्टन्सीचे फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ साली येथे टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर उभे राहिले; १९८८ साली सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेची स्थापना याच शहरात झाली; आणि कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले जिस्ट हे तंत्र येथेच वाढीस लागून, ज्या पडद्यावर तोवर इंग्रजीचीच सत्ता होती, त्यावर देवनागरीसह भारतीय लिप्या उमटवू लागले. १९९१ साली मान्य झालेले इस्की हे भारतीय लिप्यांच्या संगणकीय संकेतनाचे प्रमाण आणि सर्व भारतीय लिप्यांसाठी एकाच विचाराने मांडलेला इन्स्क्रिप्ट कळफलक हे, माझ्या अल्पमतीने, आपल्या देशातील अनुभव-रचनेचे पायाभूत काम होय. पवईच्या आयआयटीत १९६९ साली सुरू झालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन करणारे अक्षरकार र. कृ. जोशी यांचेही स्मरण येथे अगत्याने केले पाहिजे. संगणकावर देवनागरी वाचणाऱ्या असंख्य कारकुनांच्या डोळ्यांपुढे वर्षानुवर्षे जे ‘मंगल’ अक्षर राहिले, ते त्यांच्या हातचे आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

संगणक येण्याच्या कितीतरी आधी मोठ्या कारभाराने आपले पडदे कागदावर आखले होते. महसूल खात्याचे गावपातळीवरचे हिशेब १ ते २१ क्रमांकांच्या नमुन्यांत ठेवले जातात आणि त्यांपैकी सातव्या व बाराव्या नमुन्यांचा एकत्रित उतारा ‘सातबारा’ या नावाने निरक्षर शेतकऱ्याच्याही तोंडी बसलेला आहे. सातवा नमुना जमिनीवरील हक्क सांगतो, बारावा पिकांची स्थिती सांगतो. आणि तलाठी, तहसीलदार, कर्ज देणारा बँक-अधिकारी, दिवाणी न्यायाधीश व खुद्द खातेदार हे पाचही जण त्याच एका कागदातून आपापल्या प्रयोजनापुरते नेमके वाचून घेतात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले तेव्हा कागद गेला, पण नमुना राहिला. त्यात दोष नव्हते असे नाही. परंतु रोज लिहिणारा हात आणि रोज वाचणारा डोळा यांच्या घर्षणातून तो घडलेला होता. मोठ्या संस्थांच्या आजच्या पडद्यांना हे भाग्य क्वचितच लाभते, आणि का लाभत नाही हाच आजच्या परिषदेचा मुख्य प्रश्न आहे असे मी समजतो.

त्याचे माझ्या मते मूळ कारण असे की, मोठ्या संस्थेत विकत घेणारा एक असतो आणि वापरणारा दुसरा. आपल्या खिशातील फोनवरचे एखादे ॲप गैरसोयीचे वाटले तर आपण ते काढून टाकतो आणि त्याचा कर्ता धडा शिकतो. परंतु बँकेच्या काउंटरवरील लिपिकाला, विमा कार्यालयातील साहाय्यकाला किंवा कारखान्याच्या भांडारपालाला ही मुभा नाही. त्याच्यापुढे जे येईल त्यावर त्याने काम करावयाचे, अडले तर शेजाऱ्याला विचारावयाचे, मॉनिटरच्या कडेला कागदाचे चिटोरे चिकटवून कोणत्या चौकटीत काय भरू नये ते टिपून ठेवावयाचे, आणि तरीही विलंब झाला तर रांगेतील माणसाची बोलणी खावयाची. त्याच्या या निमूटपणाला वरिष्ठ संमती समजतात. खरेदीच्या निविदेत शेकडो सुविधांची यादी असते आणि प्रत्येकीपुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे लिहिले जाते. ती सुविधा वापरण्यास किती वेळ लागतो, ती वापरताना माणूस कोठे चुकतो, हे विचारणारा रकाना मी तरी कोणत्याही निविदेत पाहिला नाही. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्ता कार्यालयात संगणक आणण्यास कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला, तेव्हा वाद नोकरी राहील की जाईल याविषयी होता आणि तो रास्तच होता. परंतु नोकरी राहिल्यावर ती पडद्यापुढे कशा रीतीने करावी लागेल, हा दुसरा प्रश्न त्या वेळीही आणि त्यानंतरही कोणी फारसा धसास लावला नाही.

ज्यांना सोडून जाण्याची मोकळीक असते ते मात्र सोडून जातात, याचा दाखला एव्हॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने दिला आहे. घरोघर जाऊन माल विकणाऱ्या तिच्या प्रतिनिधी पगारी नोकर नव्हत्या. मागणी नोंदविण्याची नवी प्रणाली कॅनडात प्रथम सुरू केली तेव्हा ती इतकी जाचक वाटली की मोठ्या संख्येने त्यांनी काम सोडले, आणि २०१३ च्या डिसेंबरात कंपनीला तो सबंध प्रकल्प गुंडाळून दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बुडीत खाती लिहावी लागली. पगारी नोकर असा उठून जात नाही. म्हणून त्याच्या त्रासाची किंमत कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

कधीकधी ती एकदम दिसते. ११ ऑगस्ट २०२० रोजी सिटीबँकेला रेव्हलॉन कंपनीच्या सावकारांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यावयाचे होते. वापरात असलेल्या फ्लेक्सक्यूब या प्रणालीत (जिचा उगम मुंबईत सिटीकॉर्पनेच काढलेल्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे) हा विशिष्ट व्यवहार सरळ करता येत नसे. सबंध कर्जाची परतफेड होत आहे असे दाखवून मुद्दल मात्र बँकेच्याच अंतर्गत खात्याकडे वळवावे लागे. त्यासाठी पडद्यावरील तीन वेगवेगळ्या चौकटी भरणे आवश्यक होते आणि त्यांची नावे अशी होती की ‘मुद्दल’ या एकाच नावाची चौकट भरली म्हणजे काम झाले, असे कोणासही वाटावे. सहा डोळ्यांचा नियम पाळला गेला: भारतातील एकाने नोंद केली, दुसऱ्याने तपासली, अमेरिकेतील तिसऱ्याने मंजुरी दिली. पैसे बँकेबाहेर जातील अशी सूचनाही पडद्यावर आली, परंतु किती पैसे जातील हे तिने सांगितले नाही. जवळजवळ ९० कोटी डॉलर बाहेर गेले. त्यांपैकी सुमारे ५० कोटी डॉलर परत करण्यास सावकारांनी नकार दिला, आणि एवढी मोठी बँक एवढी मोठी चूक करील असे सावकारांना वाटण्याचे कारणच नव्हते, असे म्हणून न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांची बाजू उचलून धरली. सप्टेंबर २०२२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला ही गोष्ट वेगळी. परंतु तीन दक्ष माणसांच्या सहा डोळ्यांना जे दिसले नाही ते पडद्याने दाखवलेच नव्हते, हे सत्य कोणत्याही अपिलाने बदलत नाही.

यावरून कोणी असे समजू नये की पडदा देखणा आणि मोकळाढाकळा केला म्हणजे प्रश्न सुटला. मोठ्या संस्थेतील वापरणारा नवशिका पाहुणा नसतो. तेच काम दिवसातून शेकडो वेळा करून तो त्यात निष्णात झालेला असतो, आणि जे नवख्याला सोपे तेच त्याच्या हाताला अडसर ठरू शकते. न्यूयॉर्कच्या नायनेक्स या दूरध्वनी कंपनीने आपल्या ऑपरेटरांसाठी नवी यंत्रे घेण्याचा विचार केला तेव्हा प्रत्येक कॉलमागे सरासरी एक सेकंद वाचला तर वर्षाला सुमारे तीस लाख डॉलर वाचतील असा तिचा हिशेब होता, आणि नव्या यंत्रावर काही कळा कमी दाबाव्या लागत असल्याने हा लाभ निश्चित मानला गेला होता. वेन ग्रे, बॉनी जॉन व मायकेल ॲटवुड या संशोधकांनी कामाचे क्षणाक्षणांत पृथक्करण करून भाकीत केले की नवे यंत्र उलट मंद ठरेल. आणि प्रत्यक्ष चाचणीत तसेच झाले. कारण मार्मिक होते: वाचवलेल्या कळा ग्राहक बोलत असतानाच्या रिकाम्या क्षणांतल्या होत्या, तर नव्याने वाढलेल्या कळा ज्या क्षणी सारे काम त्यांच्यासाठी खोळंबते अशा जागी पडल्या होत्या. १९९३ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, कारण कामाची लय जाणल्यावाचून कामाचा पडदा रचता येत नाही, हा सिद्धान्त त्याने आकड्यांनी शाबीत केला.

आणि येथेच, मित्रहो, अडचणींच्या पोटातून संधी दिसू लागते. बाजारात वस्तू विकणाऱ्याला आपला ग्राहक कोण, तो कोठे राहतो, हे शोधत हिंडावे लागते. संस्थेच्या डिझायनरचा वापरणारा मात्र एक मजला खाली बसलेला असतो. त्याचे नाव हजेरीपटावर आहे, त्याचे काम नियमांत लिहिलेले आहे, आणि ते मोजता येते. हजारो शाखांत रोज शेकडो वेळा होणाऱ्या व्यवहारातील एक अनावश्यक चौकट काढली तर जो वेळ वाचतो, तो कोणत्याही जाहिरातीने मिळवून दिलेल्या नफ्यापेक्षा अधिक खात्रीचा असतो. मोठ्या कंपन्यांना याची जाणीव झाली आहे. ज्या सॅप या कंपनीच्या प्रणालीत मागणी नोंदवण्यासाठी सांकेतिक अक्षरे आणि आकडे पाठ करावे लागत, तिने २०१३ साली भूमिकेनुसार मांडलेले फिओरीचे पडदे पुढे आणले. त्याच सुमारास आयबीएमनेही मोठ्या संख्येने डिझायनर नेमण्यास आरंभ केला. परंतु नेमणुकांनी प्रश्न सुटत नाही. नेमलेल्या माणसाला काउंटरच्या आतल्या बाजूस बसण्याची परवानगी मिळते किंवा नाही, यावर सारे अवलंबून आहे. सल्लागार, विभागप्रमुख, माहिती-तंत्रज्ञान विभाग आणि सुरक्षा विभाग अशा चार दरवाजांतून गाळून आलेली ‘वापरणाऱ्याची गरज’ डिझायनरच्या मेजावर पोहोचते तेव्हा तीत वापरणारा उरलेलाच नसतो.

आपल्या प्रांताची एक खास अडचणही नोंदवतो. जिल्ह्याच्या गावातील सहकारी बँकेत खातेदार मराठीत बोलतो, कर्मचारी मराठीत विचार करतो, अर्ज मराठीत येतो आणि पडदा बहुधा इंग्रजीत असतो. ज्या शहराने तीन दशकांहून अधिक काळापूर्वी पडद्यावर देवनागरी आणली, त्या शहरात भरलेल्या परिषदेने या विसंगतीकडे कानाडोळा करू नये.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे युग आले असून नोंद यंत्र करील आणि माणसाने केवळ मंजुरी द्यावी, असे प्रस्ताव संस्थांपुढे येऊ लागले आहेत. त्यांविषयी माझी विनंती एवढीच की सिटीबँकेतील तिसऱ्या माणसाची आठवण ठेवावी. माणूस केवळ शिक्कामोर्तबापुरता उरतो, तेव्हा त्याच्यापुढचा पडदा हाच त्याचा एकमेव साक्षीदार असतो. तो अपुरे बोलला तर सही माणसाची आणि अपराधही माणसाचाच ठरतो.

म्हणून परिषदेच्या विचारार्थ तीन सूचना मी नम्रपणे ठेवतो. पहिली, कोणतीही प्रणाली खरेदी करण्यापूर्वी ज्यांना ती वापरावयाची आहे अशा कर्मचाऱ्यांनी तीवर आपले रोजचे काम करून पाहावे आणि त्यांचा लेखी अभिप्राय खरेदीच्या प्रस्तावाला जोडल्याशिवाय मंजुरी मिळू नये. दुसरी, चुकीबद्दल कर्मचाऱ्याला ‘कारणे दाखवा’ नोटीस काढताना त्या वेळी त्याच्यापुढे असलेल्या पडद्याचे चित्र चौकशीच्या कागदपत्रांत दाखल करण्यात यावे. तिसरी, प्रत्येक डिझायनरने वर्षातील काही दिवस काउंटरच्या आत, कर्मचाऱ्याच्या शेजारी, काहीही न सुचवता बसून काढावेत आणि संस्थेने ते दिवस कामाचे म्हणून धरावेत. यांत खर्च थोडा आहे. अडचण आहे ती केवळ सवयीची.

आपली निवासाची वा भोजनाची कोणतीही तक्रार असल्यास ती संकोच न करता प्रवेशद्वाराजवळील मेजावर सांगावी. ज्या परिषदेचा विषयच वापरणाऱ्याची दाद घेणे हा आहे, तिथे तक्रारीचे स्वागत व्हावे हे उचितच आहे. आपणां सर्वांचे पुन्हा एकवार स्वागत करून मी अध्यक्षमहोदयांना अशी विनंती करतो की त्यांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत आणि पहिल्या सत्रात, वक्त्यांच्याही आधी, बँका, रुग्णालये व सरकारी कचेऱ्या यांतून आम्ही अगत्याने बोलावलेल्या लिपिक भगिनी-बंधूंना बोलण्यास पाचारण करावे.