‘अकरा ते सहा’ : उंबरठ्यावरील गणित

(मुंबई उपनगरातील शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणितावर बोलण्याचा मला अधिकार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. मी कला शाखेचा पदवीधर आणि माहिती खात्यातला नोकर. दहावीनंतर मी गणिताचा आणि गणिताने माझा निरोप घेतला. त्या वेळी दोघांनाही हायसे वाटले असावे. तरीही आज हा विषय निवडला, याचे कारण एवढेच की, गणिताचे जे दालन मला कोणी दाखविले नाही असे मी समजत होतो, ते आमच्या मुलुंडच्या खोलीच्या दारात माझी आई रोज सकाळी उघडीत होती. हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

आई चौथी शिकलेली होती. एका दिवाळीत तिने ठिपके मांडण्याचे काम माझ्याकडे दिले. रांगोळी होती ‘११ ते ६’ ची. हा हिशेब येथील भगिनींना सांगावयास नको, बंधूंसाठी सांगतो. मधल्या ओळीत ११ ठिपके. तिच्या वरच्या ओळीत, खालच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध एक याप्रमाणे, १०. मग ९, ८, ७ आणि शेवटी ६. खालच्या अंगालाही तसेच. मी हौसेने आणखी एक ओळ वाढवून दोन्ही बाजूंनी ५ पर्यंत गेलो. आई रांगोळीची वाटी घेऊन बाहेर आली, वाकून पाहिले आणि म्हणाली, “ही फिरणार नाही. पूस.”

एक ओळ जास्त झाली तर काय बिघडले, असा वाद मी घातला. तिने उत्तर न देता फडके हातात दिले.

‘फिरणार नाही’ या दोन शब्दांत किती अर्थ होता, ते आता पाहू. ११ पासून ६ पर्यंत उतरताना ६ ओळी होतात, म्हणून आकृतीच्या तिरक्या कडेवर ६ ठिपके येतात. वरच्या आडव्या कडेवरही ६ च. सहाही कडा सारख्या झाल्या, म्हणजे सुसम षट्कोन तयार झाला. तो एक षष्ठांश फेरा फिरविला, तर प्रत्येक ठिपका दुसऱ्या ठिपक्याच्या जागी अचूक जाऊन बसतो. मी ५ पर्यंत गेलो तेव्हा ओळी ७ झाल्या. तिरक्या कडेवर ७ आणि आडव्या कडेवर ५ ठिपके आले. ही आकृती अर्धा फेरा फिरविली तर जुळते, परंतु एक षष्ठांश फेऱ्यात ५ ची कड ७ च्या जागी येते आणि सारे फसते. ‘१५ ते ८’ ची रांगोळीही याच नियमाने बसते. कडेच्या संख्येची दुप्पट करून १ वजा केला की मधली ओळ मिळते : ६ ची ११, ८ ची १५. बाजारातील रांगोळीच्या पुस्तिकांत हे आकडे असतात. ते तसेच का असतात, हे मात्र सांगितलेले नसते.

एखादी आकृती हलविली आणि तरीही ती जशीच्या तशी दिसली, तर त्या हलविण्याला गणितज्ञ त्या आकृतीची सममिती म्हणतात. शाळेत आपण सममिती म्हणजे घडी घालण्याची रेघ एवढेच शिकवितो. खरी गंमत त्यापुढे आहे. ती पाहण्यासाठी मी पुठ्ठ्याचे चौरस आणले आहेत. त्यांच्या कोपऱ्यांवर, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, १, २, ३, ४ असे आकडे आहेत. पाठीमागेही त्या त्या कोपऱ्यावर तोच आकडा आहे.

हा चौरस उचलून पुन्हा त्याच चौकटीत किती प्रकारे ठेवता येईल? १ हा कोपरा चार जागांपैकी कोठेही जाऊ शकतो. तो बसला की २ ला त्याच्या शेजारच्या दोनच जागा उरतात, आणि त्या ठरल्या की बाकीचे आपोआप ठरते. चार गुणिले दोन, म्हणजे आठ. चार फिरविण्याच्या क्रिया आणि चार उलटण्याच्या. फिरविण्याच्या क्रियांत ‘काहीही न करणे’ ही एक क्रिया धरलेली आहे. आम्हा सरकारी नोकरांना यात नवल वाटू नये. परंतु गणितात तिचे स्थान बेरजेतील शून्यासारखे आहे, तिच्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

आता चौरस पाव फेरा उजवीकडे फिरवा आणि मग पुस्तकाचे पान उलटावे तसा डावी-उजवी बाजू बदलून उलटा. वरच्या ओळीत १ आणि ४ दिसतील. चौरस पूर्वस्थितीत आणा. या वेळी आधी उलटा आणि मग फिरवा. वर ३ आणि २ येतील. क्रिया त्याच, क्रम बदलला, उत्तर बदलले. तीन अधिक पाच आणि पाच अधिक तीन एकच, हे पाठ केलेल्या मुलाला हा धक्का बसावयास हवा. स्वयंपाकघरात मात्र हे कोणालाही ठाऊक असते : तेल तापवून मोहरी टाकणे आणि मोहरी टाकून तेल तापविणे यांत फोडणीचा फरक पडतो.

या आठ क्रियांतील कोणत्याही दोन एकापाठोपाठ केल्या तरी परिणाम या आठांतीलच एका क्रियेइतका होतो, बाहेर जात नाही. प्रत्येक क्रिया पुसून टाकणारी दुसरी क्रिया याच आठांत सापडते. अशा स्वयंपूर्ण कुटुंबाला गणितात ‘गट’ असे नाव आहे. आईच्या षट्कोनाच्या गटात १२ क्रिया आहेत. माझ्या बिघडलेल्या आकृतीच्या गटात अवघ्या ४. दोहोंतील फरक तिने मोजला नव्हता, पाहिला होता.

गटाची कल्पना पुढे आली ती समीकरणांच्या अभ्यासातून. एव्हारिस्त गाल्वा हा फ्रेंच तरुण १८३२ साली वयाच्या विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात मरण पावला. कोणती समीकरणे मूळे काढून सुटतात आणि कोणती सुटत नाहीत, हे त्याने गटांच्या आधारे ओळखले होते. आपल्याकडील श्रीराम अभ्यंकर (१९३०-२०१२) यांनी मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ साली पदवी घेतली. गाल्वाच्या गटांविषयी त्यांनी १९५७ साली मांडलेले अनुमान १९९४ साली रेनो आणि हार्बेटर या गणितज्ञांनी सिद्ध केले. हेच अभ्यंकर पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानचे संस्थापक होत.

परंतु वर्गात गाल्वापासून सुरुवात करू नये. गौरीच्या पावलांपासून करावी. गौरी घरात आणताना दारापासून आतपर्यंत पावले काढतात. दोन्ही पावले शेजारी शेजारी काढली, तर ती एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असतात. चालल्यासारखी एकाआड एक काढली, तर प्रत्येक पाऊल मागच्या पावलाला उलटून आणि पुढे सरकवून मिळते. एकाच दिशेने पुनःपुन्हा येत जाणाऱ्या पट्टीचे, मग ती साडीच्या काठाची असो की वारली लग्नचौकाच्या किनारीची, सममितीच्या दृष्टीने सातच प्रकार होतात. आठवा नाही. आरे वसाहतीतील वारली पाड्यांवरून बोरिवलीपर्यंत दिसतील तितक्या किनारी मुलांना टिपून आणावयास सांगा आणि त्यांतून सात प्रकार वेगळे काढू द्या.

जमिनीभर पसरणाऱ्या नक्षीचे प्रकार १७. रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव्ह यांनी हे १८९१ साली सिद्ध केले. घाटकोपर-अंधेरीच्या जुन्या घरांत सिमेंटच्या नक्षीदार लाद्या अजून दिसतात. एका लादीच्या कोपऱ्यात पाव फूल असते. गवंडी प्रत्येक लादी पाव फेरा फिरवून बसवितो तेव्हा चार लाद्यांचे पूर्ण फूल होते. न फिरविता बसविली तर लादी तीच, पण नक्षी दुसऱ्या प्रकारात जाते. पदपथावर षट्कोनी पेव्हर ब्लॉक असतात, पंचकोनी का नसतात, हेही विचारावे. सुसम पंचकोनाचा कोपरा १०८ अंशांचा. तीन कोपरे मिळून ३२४ होतात आणि ३६ अंशांची फट राहते. जास्वंदीसारखे पाच पाकळ्यांचे एक फूल काढता येईल, पण पाचाच्या फेऱ्यात फिरणारी आणि सर्वत्र पुनरावृत्त होणारी नक्षी काढणे अशक्य आहे. स्फटिकांनाही हाच नियम लागू आहे असे मानीत. १९८२ साली डॅन शेख्टमन यांना एका मिश्रधातूत पाचाची सममिती दिसली, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवणारे थोडे होते. त्या धातूतील रचना नियमबद्ध होती, पण पुनरावृत्त होणारी नव्हती. २०११ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रांगोळी काढता येते म्हणजे गणित येते, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणणे सभेत गोड लागते, पण खरे नाही. आईला ‘फिरणार नाही’ हे दिसत होते. का, आणि कोणत्या आकड्यांना फिरेल, हे तिला मांडता येत नव्हते. ते मांडण्याची पायरी शाळेची आहे. चौथीनंतर तिची शाळा सुटली आणि ती पायरी तिच्यासमोर आलीच नाही. ‘मला मेलीला हिशेब काय कळतो’ असे ती शेवटपर्यंत म्हणत असे. तिला काय कळत होते, ते मला समजेपर्यंत ती राहिली नाही.

आपल्या वर्गात आज अशा मुली बसलेल्या आहेत. सकाळी दारात ९१ ठिपके न चुकता मांडून त्या येतात आणि गणिताच्या तासाला मान खाली घालतात. त्यांच्यासाठी अनुदान, प्रयोगशाळा, यंत्रसामग्री यांपैकी काही लागत नाही. मार्गदर्शन हवे असल्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र येथून जवळच, मानखुर्दला आहे. पण उद्याच्या तासाला खडू पुरेसा आहे. फळ्यावर ‘११ ते ५’ चे ठिपके मांडा, आणि यात काय चुकले, असे मागच्या बाकावरील मुलीला विचारा. ती म्हणेल, ‘बाई, हे फिरत नाही.’ मग ‘का?’ म्हणून तिच्या हाती खडू द्या.

आता पुठ्ठ्याचे चौरस मागच्या रांगेपर्यंत पोहोचले नसतील तर कृपया हात वर करावा. आठही क्रिया आपण एकदा मिळून करून पाहू.