अबोला वेगळा, मौन वेगळं



दिंडीला शंभर वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आपण तोंडानं नाम पुष्कळ घेतलं. आज आम्ही न बोलण्याबद्दल दोन शब्द बोलतो.

तुकोबाराय एकांतासाठी देहूजवळच्या भंडारा डोंगरावर जाऊन बसत. आपल्या जिल्ह्याचं नावही भंडाराच, पण आपला एकांत तलावाच्या पाळीवर. कोहळी लोकांनी हे तलाव बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव राहिले. माजी मालगुजारी म्हणून आपण त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतो. मामाचं पाणी सगळ्या भाच्यांचं.

त्याच पाण्यावरून आमचं अन् लहान भावाचं भांडण झालं. धान गर्भात होतं, पावसानं दगा दिला होता. पाळी त्याची, पाट आम्ही आपल्या बांधीत वळवला. तो विचारायला आला तं धुऱ्यावर उभं राहून आम्ही नाही ते बोललो. तवापासून तीन वर्षं अबोला.

आम्हाला वाटे, आपण बोलत नाही म्हणजे संयम पाळतो. पण तोंड बंद अन् आत बाजार सुरू! रोवणीत रात्रभर बेडूक ओरडत, डोक्यावरून टिटवी जाई, आमच्या कानी काही पडे नाही. अन् कीर्तनात क्षमेवर निरूपण करत होतो, बाप्पा!

एका वारीत कीर्तन संपलं. रीतीप्रमाणं सारे एकमेकांच्या पाया पडू लागले. भाऊ पुढं आला, वाकला. मंग आम्हालाही वाकावं लागलं. त्याच्या टाचेला भेगा होत्या, आमच्यासारख्याच. तोंडून निघालं, “पाणी तुझंच होतं.”

तो म्हणाला, “दादा, त्या सालचं धान केव्हाच खाऊन झालं.”

गावी आल्यावर पहाटे पाळीवर बसलो. किती दिवसांनी पाखरं ऐकू आली.

माउली, अबोला आतल्या आत भांडते, मौन ऐकते. टाळकऱ्यानं मृदंगाला कान दिला नाही तं टाळ चुकते, तसंच घरचं अन् गावचं आहे. रोज एक हरिपाठ होईल एवढा वेळ मोबाइल घरी ठेवून पाळीवर बसा. राग आला तं आधी तिथं जा, मंग बोला. अन् कुणाशी अबोला असेल तं आज इथून उठायच्या आधी त्याच्या पाया पडा.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!