मधला सूर : विल्यम प्रिमरोझ

पाश्चात्य वाद्यवृंद ऐकतांना श्रोत्याचें लक्ष व्हायोलिनच्या उंच सुरांकडे किंवा खर्जांत घुमणाऱ्या चेलोकडे सहज जातें. या दोहोंच्या मध्यें बसून सगळ्या मेळाला भरीवपणा आणणारा व्हायोला मात्र बहुधा कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. दिसावयास तो व्हायोलिनसारखाच, पण थोडा मोठा. तारा एका पंचमानें खालीं लावलेल्या. हे सूर पुरते खुलावयाचे तर वाद्य याहून पुष्कळ मोठें हवें. पण मग तें खांद्यावर धरावें कसें? या अडचणीमुळेंच त्याच्या नादांत किंचित् घोगरा गंभीरपणा आला आहे. ज्याचा व्हायोलिनवर निभाव लागत नाहीं त्यानें व्हायोला धरावा, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती.

ती खोटी ठरविण्यांत विल्यम प्रिमरोझ यांचा वांटा मोठा आहे. त्यांचा जन्म १९०४ सालीं स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं झाला. व्हायोलिनवादक म्हणून ते पुढें येत होते. १९२६ पासून बेल्जममध्यें थोर वादक इझाई यांच्यापाशीं ते शिकले, आणि ‘व्हायोलाकडे वळा’ असा सल्ला या गुरूनेंच दिला. हातीं आलेला मान सोडून उपेक्षित वाद्य पत्करणें सोपें नव्हतें. तरी १९३० सालीं लंडनच्या प्रसिद्ध तंतुवाद्य-चौकडींत ते व्हायोलावादक म्हणून दाखल झाले.

१९३७ सालीं न्यूयॉर्क येथें तोस्कानिनी यांच्यासाठीं, केवळ नभोवाणीकरितां, एक वाद्यवृंद उभारण्यांत आला. त्यांत प्रिमरोझ होते. १९३९ मध्यें तेथील तीन सहकाऱ्यांसह त्यांनीं स्वतःच्या नांवाची चौकडी काढली. पुढें वाद्यवृंद सोडून ते एकल वादनाकडे वळले. पण वाजवावयाचें काय? व्हायोलासाठीं लिहिलेल्या मोठ्या रचना फारच थोड्या होत्या.

म्हणून त्यांनीं हंगेरियन संगीतकार बार्तोक यांजकडे एक काँचेर्टो मागितला. बार्तोक त्या वेळीं मायभूमि सोडून न्यूयॉर्कमध्यें रहात होते व रक्ताच्या असाध्य विकारानें खंगले होते. २६ सप्टेंबर १९४५ रोजीं ते निवर्तले. मागें राहिलीं तीं अपुऱ्या आराखड्याचीं पानें. त्यांचे स्नेही टिबोर सेर्ली यांनीं तीं लावून रचना पुरी केली, आणि २ डिसेंबर १९४९ रोजीं मिनिआपोलिस येथें प्रिमरोझ यांनीं ती प्रथम वाजविली. दिवंगताची इच्छा नेमकी कोणती, याविषयीं जाणत्यांत आजहि वाद आहे, आणि त्या रचनेच्या निराळ्या आवृत्त्याहि निघाल्या आहेत.

उत्तरायुष्यांत प्रिमरोझ अध्यापनांत रमले. १९८२ सालीं अमेरिकेंतील यूटा संस्थानांत त्यांचा अंत झाला. तेथील ब्रिगहॅम यंग विद्यापीठांत व्हायोलाच्या संगीताचा मोठा संग्रह त्यांच्या नांवें जतन केलेला आहे. ज्या वाद्याला वाजविण्याजोगें फारसें कांहीं नव्हतें, त्याचीं पुस्तकें ठेवण्यास आतां स्वतंत्र दालन लागतें!