डावी बाजूही वाढा

1987 च्या जानेवारीत रामानंद सागरांचं ‘रामायण’ दूरदर्शनवर सुरू झालं आणि रविवारी सकाळी लोक आंघोळी उरकून, टीव्हीला हार घालून बसू लागले. त्या हाराशी माझं भांडण नाही. भांडण आहे आजच्या मालिकांशी. त्यांत शंका काढणारा एक तर खलनायक असतो, नाही तर खुळा. शेवटी तो देवापुढे नाक घासतो, की संपलं! त्याच्या तोंडी एक धड संवाद नाही.

पानाची डावी बाजू आठवा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. वाढप सुरू होतं मिठापासून, वरणभात मागून येतो. श्रद्धा म्हणजे वरणभात. पोट त्यानंच भरतं, कबूल. पण शंकेची चटणी झोंबते म्हणून कुणी ती पंगतीतून हाकलतं का?

आपल्या ग्रंथांनी ही बाजू कधी रिकामी ठेवली नाही. वाल्मीकींच्या रामायणात जाबाली थेट रामासमोर परलोक नाकारतो. राम रागावतात, खडसावतात. पण जाबालीला आधी पुरतं बोलू दिलंय. द्रौपदी भर सभेत विचारते, धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? भीष्मांनाही उत्तर देता येत नाही. आणि गीतेच्या अठराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सांगतो, नीट विचार कर, मग तुला हवं ते कर.

कायद्याच्या पानातही दोन्ही बाजू आहेत बरं! केबल टीव्हीचे 1994 चे नियम इथे दिल्लीतच झाले. त्यातला सहावा नियम म्हणतो, धर्मावर हल्ला नको. तोच नियम म्हणतो, अंधश्रद्धेला उत्तेजन नको. पहिलं सगळ्यांना पाठ, दुसरं कुणाला आठवत नाही.

पुन्हा सांगतो, नाही तर म्हणाल, हे गृहस्थ देवाच्या विरुद्ध बोलले. श्रद्धा काढा असं मी म्हणत नाही. शंकेला बोलू द्या, एवढंच.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये ‘रामायण’ पुन्हा लागलं, तेव्हा नोएडा-गुडगावच्या फ्लॅटांत नातवंडांनी किती प्रश्न विचारले असतील! आजी-आजोबांनो, “देवाचं असं विचारू नये” म्हणून तुम्हीच त्यांना गप्प केलंत ना? मग निर्मात्यांना काय बोलायचं? त्यांच्या टीआरपीच्या गणिताबद्दलही... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून ताई वेळ संपल्याची खूण करताहेत.

तर आज रात्री मालिकेतला एखादा प्रश्न पार्श्वसंगीतात बुडवला, तर टीव्हीचा आवाज बंद करा आणि तोच प्रश्न घरात विचारा. वाद होईल. होऊ द्या.